मामा, गेबल आणि आयोवाचा बर्फ

मामा ७३ वर्षांचे. सत्तरच्या दशकात विद्यापीठाच्या कुस्तीत सलग दोन वर्षं विजेते. मग गुडघा गेला, तेव्हा एका कॉलेजात क्रीडाशिक्षक झाले आणि गावच्या तालमीत चाळीसेक वर्षं वस्तादकी केली. त्यांची लेक, आमची ताई, आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सला राहते. ती दरवर्षी म्हणायची, बाबा, उन्हाळ्यात या, हवा छान असते. मामांचं उत्तर ठरलेलं, "उन्हाळ्यात तिथं कुस्ती असते का?"

नसते. अमेरिकेत कॉलेजची कुस्ती नोव्हेंबर ते मार्च. म्हणून आम्ही गेलो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मी सोबतीला, म्हणजे खरं तर बॅगा उचलायला.

बुधवार: दूध

शिकागोहून दाजींनी गाडीनं आणलं, चारेक तासांचा रस्ता. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर मामांचं अमेरिकेतलं पहिलं वाक्य, "नाकातले केस गोठले रं." उणे सतरा होतं. पुढे सगळीकडे पांढरं सपाट रान. मक्याची शेतं बर्फाखाली, मध्येच एखादं लाल कोठार, आणि आभाळ इतकं मोठं की मामा बराच वेळ बोललेच नाहीत.

घरी फ्रीज उघडल्यावर मात्र मामा खुलले. दुधाचा प्लास्टिकचा कॅन, एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरला थोडं जास्त. "एकाच घरात?" असं विचारून त्यांनी एक पेला रिचवला, दुसरा भरला आणि निकाल दिला की हितली पोरं तगडी असणारच.

(जाणाऱ्यांसाठी: एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. घरात आणि गाडीत हीटर इतका असतो की जाड कोटात माणूस उकडतो. बूट आणि हातमोजे तिकडेच घ्या. आपल्याकडच्या लोकरी मोज्यांतून वारा आरपार जातो.)

गुरुवार: वॉटर्लू

सीडर रॅपिड्सहून एकच महामार्ग उत्तरेला वॉटर्लूला आणि दक्षिणेला आयोवा सिटीला जातो. वॉटर्लू तासाभरावर. जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचं गाव. मामांच्या लेखी ते डॅन गेबलचं गाव, बाकी सगळं फुकट.

आमच्या पिढीला गेबल माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. जन्म १९४८, वॉटर्लूचाच. शाळेत ६४ कुस्त्या, ६४ विजय. आयोवा स्टेट विद्यापीठात ११७ विजय आणि एक हार. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ६८ किलोत सुवर्ण, तेही संपूर्ण स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता. ही शेवटची गोष्ट मामा तालमीत पोरांना चाळीसेक वर्षं सांगत आलेत. पण त्यापुढची त्यांनाही नीट ठाऊक नव्हती. गेबल १९७६ मध्ये आयोवा विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि १९९७ पर्यंतच्या २१ हंगामांत त्याच्या संघानं १५ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. बिग टेन या त्यांच्या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद तर २१ पैकी २१ वेळा.

गावाच्या मधोमध त्याच्या नावाचं कुस्ती संग्रहालय आहे. जुने बूट, पट्टे, फोटो, पदकं. कामाच्या दिवशी सकाळी आत आम्ही तिघेच. एका दालनात व्यावसायिक कुस्तीवाले, टीव्हीवरच्या कुस्तीचे पूर्वज. तिथं मामांनी तोंड वाकडं केलं, "ही सगळी नुरा." म्हणजे आधीच ठरवून लढलेली. पण फ्रँक गॉचच्या फोटोपुढे थबकले. गॉच आयोवाच्याच हंबोल्टचा. १९०८ मध्ये शिकागोत हॅकनश्मिटला हरवून तो जगज्जेता झाला. १९१० मध्ये आपला गामा लंडनला गेला, त्यानं ज्यांना आव्हान दिलं त्यांत हा होता आणि ती कुस्ती झालीच नाही. मामा फोटोला बोट लावून दाजींना म्हणाले, "हाच तो. गामाला भ्याला." काउंटरवरच्या बाई विचारायला लागल्या, सगळं ठीक ना? दाजींनी सांगितलं, जुनं भांडण आहे.

मला वाटलं होतं मामा ऑलिंपिकच्या भागात रमतील. ते रमले १९७० च्या हारीपाशी. कॉलेजातली गेबलची शेवटची लढत, इव्हान्स्टनला राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी, १४२ पौंड. समोर वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. गेबलशीच लढायचं म्हणून तो वजन उतरवून त्या गटात आलेला. निकाल १३–११, गेबल हरला. मामांनी मला ते आकडे दोनदा वाचायला लावले. "अकरा गुण घेऊन हरला?" मग पुन्हा, "अकरा घेऊन."

गेबलच्या घरची एक गोष्ट आपण कुस्तीच्या गप्पांत सांगत नाही. १९६४ मध्ये त्याच्या थोरल्या बहिणीचा घरातच खून झाला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा. आई-वडिलांना त्या घरात राहवेना, तेव्हा हा तिच्या खोलीत झोपायला गेला. दाजींनी हे गाडीत सांगितलं. मामांनी काच खाली करायला सांगितली. उणे पंधरात. दोन मिनिटं सगळे कुडकुडत बसलो, कुणी काही बोललं नाही.

दुपारी एका साध्या हॉटेलात आयोवाचा प्रसिद्ध टेंडरलॉइन सँडविच खाल्ला. डुकराच्या मांसाचा तुकडा ठोकून ठोकून ताटाएवढा करतात, चुरा लावून तळतात आणि मध्यभागी नाण्यासारखा पाव ठेवतात. पावाच्या चारी बाजूंनी चारचार बोटं मांस बाहेर. मामा डुक्कर खात नाहीत. त्यांनी अंडी मागवली, सहा. वाढणाऱ्या बाईंनी एकदा खात्री करून घेतली.

(संग्रहालयाचे वार आणि वेळा हिवाळ्यात आधी पाहून जा. निवांत बघायचं तर दोन तास धरा. खाण्याबाबत: 'लूज मीट' नावाचा भुरभुऱ्या खिम्याचा पाव आणि चिप्सच्या पिशवीतच मिळणारा 'वॉकिंग टाको' यांत बहुधा गोमांस असतं. चालत नसेल तर विचारूनच घ्या, ते मनावर घेत नाहीत.)

शुक्रवार: कार्व्हर

ज्यासाठी आलो तो दिवस. आयोवा विद्यापीठाची घरच्या मैदानावरची लढत, रात्रीची. तिकिटं दाजींच्या ऑफिसातल्या एकानं दिली. त्याच्या घरात ती वडिलांपासून चालत आलेली.

कार्व्हर-हॉकाय अरीना बाहेरून बुटकी दिसते. मामा म्हणाले, एवढंच? आत गेल्यावर कळलं की इमारत जमिनीत खोदलेली आहे. आपण सगळ्यात वरच्या काठावर उभे असतो आणि खुर्च्या खाली खाली उतरत जातात, तळाशी गादी. पंधराएक हजार लोक. मामा कठड्याला धरून म्हणाले, "अरं, ही तर खासबाग." खरंच. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जसा हौदा मध्ये आणि माणसं चढत्या उतारावर बसवली, तसंच. १९८३ च्या जानेवारीत ही अरीना उघडली, तीही कुस्तीनंच. बास्केटबॉल नंतर.

पण त्याआधी दारात आमची फजिती झाली. मामांनी ताईच्या हातचे डिंकाचे लाडू आणि फेटा कापडी पिशवीत घेतलेला. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते. नियम लिहिलेला होता, वाचला आम्ही नव्हता. मग मी त्या गारठ्यात पार्किंगपर्यंत पळत गेलो आणि पिशवी ठेवून आलो. फेटा मात्र मामांनी तिथंच बांधला. डोक्यावरच्या गोष्टीला कुणाची हरकत नव्हती. पुढचे दोन तास निदान दहा जणांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले.

दाराबाहेर गेबलचा कांस्य पुतळा आहे. मामांनी चौथऱ्यावरचा बर्फ हातमोज्यानं झाडला, अंगारा पुसावा तसा, आणि पुढे झाले.

आता नियमांबद्दल, कारण ते कळले नाहीत तर काही कळत नाही. कॉलेजात जी लढतात ती ऑलिंपिकची फ्रीस्टाइल नव्हे, त्यांची स्वतःची 'फोकस्टाइल'. दहा वजनगट, १२५ पौंडांपासून २८५ पर्यंत, म्हणजे साधारण ५७ ते १२९ किलो. सात मिनिटं: तीन, दोन, दोन. पट काढून खाली घेतलं की तीन गुण (पूर्वी दोन होते, २०२३–२४ च्या हंगामापासून तीन). खालचा सुटून उभा राहिला तर त्याला एक. उलटून वर आला तर दोन. वरच्यानं खालच्याला एकूण मिनिटभर जास्त दाबून ठेवलं तर शेवटी एक गुण वरचा. चितपट केलं तर सगळं तिथंच संपलं, आणि संघाला सहा गुण.

मामांची पहिली हरकत, "सुटल्याबद्दल गुण? सुटणं हे काय काम हाय व्हय?" दुसरा भाग सुरू झाला की एकाला गुडघे-हात टेकून खाली बसवतात, दुसरा मागून कमरेत हात घालतो आणि शिट्टी वाजते. आपल्याकडे गादीवर खाली सापडलेला पैलवान पोटावर चिकटून पडतो, पंच उभं करील याची वाट बघतो. इथं पडून राहणाऱ्याला लोक सोडत नाहीत. तिसऱ्या कुस्तीत पाहुण्यांचा पोरगा कडेकडेनं सरकायला लागला तर सगळी अरीना ओरडली. शब्द आम्हाला कळला नाही, अर्थ लगेच कळला. मामा उठून उभे, "पळतंय बघ! धर त्येला!" पुढच्या रांगेतला म्हातारा वळून बघायला लागला आणि त्यानं मामांना मूठ दाखवली, शाबासकीची.

चौथ्या कुस्तीपर्यंत मामांची हरकत विरघळली होती. खालचा पोरगा तीनदा उठला, तीनदा परत खाली गेला, चौथ्यांदा मनगट सोडवून निसटला. एक गुण. मामा म्हणाले, "न्हाई, बरोबर हाय. कष्टाचा हाय त्यो."

गादीच्या कोपऱ्यात प्रशिक्षकांच्या खुर्च्या असतात. टॉम ब्रँड्सला ती खुर्ची नावालाच दिलेली. गेबलचा चेला, १९९० ते ९२ सलग तीनदा राष्ट्रीय विजेता, १९९६ ला अटलांटात ऑलिंपिक सुवर्ण, २००६ पासून इथं मुख्य प्रशिक्षक. जुळा भाऊ टेरी बाजूला, तोही दोनदा कॉलेज विजेता आणि दोनदा जगज्जेता. मामांनी कुस्तीपेक्षा जास्त वेळ तो कोपरा बघितला. खांदा कधी पडतो, मान कधी वळते. आत लढणाऱ्यानं पट काढला की बाहेर याचंही अंग तसंच झुकतं. "गुडघा हलतोय त्येचा," मामा म्हणाले, "माझाबी हलायचा."

मध्यंतरात दाजींनी सांगितलं की आयोवात पहिल्या श्रेणीची कुस्ती तीन विद्यापीठांत आहे आणि तिन्हीकडचे मुख्य प्रशिक्षक आयोवा विद्यापीठाचेच जुने विजेते. इथं ब्रँड्स, आयोवा स्टेटला १९८६ चा विजेता केव्हिन ड्रेसर, नॉर्दर्न आयोवाला १९९९ चा विजेता डग श्वाब. म्हणजे एकाच तालमीतले तीन वस्ताद, आणि हंगामात एकमेकांविरुद्ध पोरं उतरवतात. मामांना हे फार आवडलं. "मग गावात बोलत असतील का एकमेकांशी?"

वजनाचंही विचारलं त्यांनी. अशा लढतीला वजन तासभर आधी करतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन कॉलेजपैलवान वजन उतरवता उतरवता दगावले. त्यानंतर रबरी सूट आणि सॉनाला बंदी आली, वजन लढतीच्या जवळ आणलं. आदल्या दिवशी वजन करून रात्रभर खाण्यापिण्याला वावच ठेवला नाही. मामा म्हणाले की ते स्वेटरच्या आत खताचं पोतं घालून पळायचे. गंमत म्हणून सांगायला लागले होते, मग मध्येच थांबले.

आयोवा जिंकलं. लोक गाणी म्हणत बाहेर पडले. हरलेल्यांपैकी एक पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन बोगद्यातून एकटाच निघाला होता. तो दिसेनासा होईपर्यंत मामा जागचे हलले नाहीत.

(तिकिटांसाठी हंगामाआधीच नोंदणी करा, आयत्या वेळी जाऊ नका. वरच्या रांगा चालतील, खड्डा असल्यामुळे कुठूनही दिसतं. मार्चमध्ये जमलं तर राष्ट्रीय स्पर्धा गाठा: तीन दिवस, ३३० पैलवान. तिचं शहर दरवर्षी बदलतं.)

शनिवार, रविवार: बर्फ

शनिवारी एम्सला, म्हणजे आयोवा स्टेटला, गेबलच्या आणि केल सँडरसनच्या कॉलेजात जायचं होतं. सँडरसन म्हणजे १५९ कुस्त्या, १५९ विजय, चार वर्षं चार विजेतेपदं. नंतर तिथंच मुख्य प्रशिक्षक, आणि २००९ पासून पेन स्टेटला. पण पहाटेपासून बर्फ सुरू झाला, महामार्गावर गाड्या घसरायला लागल्या, बेत रद्द. दोन दिवस पिठलं-भात आणि फावडं. मामांनी अंगणातला बर्फ उपसला, ताई ओरडत असताना. जोर-बैठकांपेक्षा बरं म्हणे.

सोमवार: शाळेची तालीम

बर्फ थांबला. सकाळी माउंट व्हर्ननला गेलो, वीसेक मिनिटांवर. टेकडीवर कॉर्नेल कॉलेज आहे. न्यूयॉर्कचं मोठं कॉर्नेल वेगळं, हे एवढंसं. या एवढ्याशा कॉलेजानं १९४७ मध्ये कुस्तीचं राष्ट्रीय विजेतेपद मारलं होतं, मोठमोठ्या विद्यापीठांना मागं टाकून. संघातली काही पोरं, अर्थातच, वॉटर्लूची. गावात बेकरीचा खमंग वास होता, दुकानात म्हातारी माणसं कॉफी पीत बसलेली. बाकी बघण्यासारखं काही नाही, आणि ते मला आवडलं.

संध्याकाळी दाजींच्या सहकाऱ्याचा मुलगा ज्या शाळेत लढतो तिथला सराव. (अमेरिकन शाळेत असंच जाता येत नाही. आधी ईमेल, मग दारात ओळखपत्र, छातीवर चिकटवायची चिठ्ठी. आमचं आठवडाभर आधी ठरलेलं होतं.)

खोली बुटकी, गरम, भिंतींनाही छातीएवढ्या गाद्या लावलेल्या. सराव सुरू व्हायच्या आधी दोन पोरं जंतुनाशकानं गादी पुसत होती, त्वचेचे रोग पसरतात म्हणून. मामांनी बूट काढले, उंबऱ्याशी वाकून गादीला हात लावला आणि कपाळाला. मग नाक फुरफुरवलं. "घाम तोच हाय. माती न्हाई." ताक, तेल, हळद, लिंबू घातलेल्या लाल मातीच्या वासाची जागा फिनेलनं घेतलेली.

मुख्य प्रशिक्षक साठीच्या आसपासचा, बसका, दिवसा गणित शिकवतो. कॉलेजात असताना आपल्या गटाचा विजेता होता, हे त्यानं नाही, पोरांनी सांगितलं. त्याचा डावा कान, पैलवानांचा होतो तसा, पार गोळा झालेला. मामांचा उजवा. त्यानं मामांच्या कानाकडे बघितलं, मामांनी त्याच्या. मग त्यानं हात पुढे केला. ओळख करून द्यायला दाजी पुढे आले होते, त्यांची गरज पडली नाही.

तीसेक पोरं, त्यांत सात-आठ मुली. आयोवात शाळेतल्या मुलींच्या कुस्तीला २०२२–२३ पासून अधिकृत स्पर्धा आहे, आणि आयोवा विद्यापीठानं तर महिलांचा वेगळा संघच काढला आहे. प्रशिक्षक क्लॅरिसा चन, स्वतः २००८ ची जगज्जेती. मामांनी आपल्या तालमीत मुलींना घेतलं ते बऱ्याच वादानंतर, २०१६ नंतर. इथं कुणी वळूनही बघत नव्हतं.

तासभर झाल्यावर कोचनं मामांना खूण केली: एक डाव दाखवा. मामांचं इंग्रजी क्रीडाशिक्षकाचं. अटेन्शन, स्टँड ॲट ईज, व्हेरी गुड. तेवढ्यावर त्यांनी कलाजंग शिकवला. एका उंच पोराला समोर घेतलं. त्याचा दंड आवळून खाली ओढला, स्वतःचं डोकं त्याच्या बगलेत, उजवा हात त्याच्या मांड्यांतून मागे. पोरगा मामांच्या खांद्यावर झुकला, त्याचे बूट गादीवरून दोन बोटं उचलले गेले, आणि मामा थांबले. गुडघा. खोलीत आवाज नाही. कोच मागून येऊन मामांच्या शेजारी गुडघ्यावर बसला, पोराचा निम्मा भार आपल्या खांद्यावर घेतला आणि पोरांना म्हणाला, फायरमन्स कॅरी. पोरं म्हणाली, आम्हाला येतो. मामांनी मान हलवली, "नो." पोराचा दंड पुन्हा धरला आणि दाखवलं: आधी ओढ, एवढी की त्याचा कान तुझ्या खांद्याला लागला पाहिजे. मग डोकं घाल. तुम्ही डोकं आधी घालता. कोचनं पोरांकडे बघितलं. हेच तो त्यांना सप्टेंबरपासून सांगत होता म्हणे.

सराव संपताना सगळ्यांत लहान मुलगी भिंतीशी तोंड करून रडत होती. सलग तीन वेळा खाली गेली होती. कोच तिच्याकडे गेला नाही. गाद्या मोजल्या, दिवे अर्धे केले, पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. पाचेक मिनिटांनी तिच्याजवळ गादी पुसायचा मॉप उभा करून ठेवला आणि पुढे गेला. तिनं तो घेतला आणि पुसायला लागली. मामा मला म्हणाले, "आपल्याकडं फावडं." हरलेल्या पोराला ते हौदा उकरायला लावायचे. मला वाटायचं ती शिक्षा आहे.

निघताना कोचनं विचारलं, तुमचा रेकॉर्ड किती? दाजींनी भाषांतर केलं. मामा म्हणाले, "जिंकलेल्या कोण मोजतंय. हरलेल्या सांगतो," आणि बोटं काढली. पहिली कुंडलला, मैदानात, अंधार पडता पडता. समोरच्यानं ढाक लावली तेव्हा मामांचा पाय ओल्या मातीत होता. दाजी अडखळत सांगत होते. ढाकेला इंग्रजीत काय म्हणतात, त्यांना मराठीतही नीट माहीत नव्हतं.

मी गाडी तापवायला बाहेर गेलो. काचेवरचा बर्फ खरवडला, हीटर लावला, ताईला फोन करून सांगितलं की निघतोच आहोत. बोलवायला परत आत गेलो तेव्हा दाजी भिंतीला टेकून मोबाइल बघत होते. कोच गादीवर मांडी घालून बसला होता आणि मामा चौथ्या कुस्तीवर होते, मराठीत.